घरासाठी रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? लायसन हातात आल्यावर आधी हे वाचा

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या काउंटरवर गर्दी वाढते. घरात चार पैसे आलेले असतात, शेजारच्या गावात रात्री कोणाचं तरी कवाड फोडल्याची बातमी कानावर आलेली असते, खिशात नवं कोरं लायसन असतं. पहिला प्रश्नही ठरलेला : "भाऊ, सगळ्यात भारी कोनतं हाय?"

आम्ही उलटे दोन प्रश्न विचारतो. रात्री घरी कोण झोपतं? आणि घराच्या भिंती कशाच्या आहेत? काही जणांना वाटतं, दुकानदार टाळतो आहे. तसं नाही. या दोन उत्तरांवरच हत्यार ठरतं. ब्रँड, फिनिश, लाकडी मूठ की रबरी, हे सगळं त्याच्या नंतरचं.

हत्यार वापरणार कोण?

लायसन एका माणसाच्या नावावर असतं आणि हत्यारही त्यानेच वापरायचं असतं. ऐकायला साधं वाटतं, पण घरच्या राखणीचा निम्मा विचार इथेच चुकतो. मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ आले होते. महिन्यातल्या पंधरा रात्री ते वावरात जागलीला, घरी बायको आणि म्हातारी आई. "मी नसलो तर बायको चालवन ना!" म्हणाले. नाही चालवता येत. लायसन त्यांचं, घरी एकटी राहणार बायको, म्हणजे ज्या रात्री हत्याराची गरज पडेल त्या रात्री ते कायद्याने कोणाच्याच हातात नाही. अशा घरात अर्ज बाईच्या नावाने करायला हवा, आणि हत्यारही तिच्या हाताला बसेल असंच घ्यायला हवं. त्यांना आम्ही त्या दिवशी काहीच विकलं नाही. कवाडाला आतून लोखंडी आडणा आणि अंगणात एक चांगला दिवा लावायला सांगितलं.

वय 21 पूर्ण लागतं. गावातला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. नागपूर आणि अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तो कागदापुरता घेऊ नका, खरोखर शिकून घ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं राहू शकतात आणि लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे. आजोबांची दुनळी वारसाने तुमच्या नावावर आली असेल तर तीही या दोनात मोजली जाते. जुन्या मालगुजारी वाड्यांमधल्या लोकांनी हे आधी तपासून घ्यावं.

बाजारात मिळतं काय

साध्या नागरिकाला 9 मिमी पिस्तूल किंवा .303 रायफल मिळत नाही. ते बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) मनाई असलेल्या यादीत आहेत. सिनेमात पाहिलेलं मागू नका. आपल्यासाठी मुख्य म्हणजे .32 बोअर. त्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याची रिव्हॉल्व्हर सर्वांत जास्त खपते. सहा गोळ्यांची, मधून मोडून उघडणारी, उघडली की रिकामी टरफलं एकदम बाहेर टाकणारी. 2014 साली कानपूरहूनच निर्भीक आली, वजनाला साधारण अर्धा किलो. 2023 मध्ये प्रबळ आली. तिचं सिलिंडर (गोळ्या बसतात ती फिरती चकती) बाजूला उघडतं. पिस्तुलात ईशापूरच्या कारखान्याची अशनी आहे, तीही .32.

इथे एक गोंधळ रोज होतो. रिव्हॉल्व्हरची .32 आणि पिस्तुलाची .32 या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं टरफल साधारण 23 मिमी लांब, पिस्तुलाचं 17 मिमी. डब्यावर दोन्हीकडे .32 लिहिलेलं असतं म्हणून भावाच्या पिस्तुलाची काडतुसं आपल्या रिव्हॉल्व्हरला चालतील असं नाही. काडतुसं घेताना हत्यार कोणतं ते सांगा.

किमतीबद्दल एवढंच : सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला आहे. बिल बघून आमच्यावर रागावू नका.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

आमचं मत सरळ सांगतो. वर्षातून एकदोनदाच हत्यार हातात घेणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावी.

कारण असं. रिव्हॉल्व्हरला लपवण्यासारखं काही नसतं. उघडली की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर; भरली आहे की रिकामी, हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. पिस्तुलात मॅगझिन (मुठीतला गोळ्यांचा डबा) काढलं की माणूस समजतो झालं रिकामं. एक गोळी नळीत बसलेली असू शकते, आणि त्या एका गोळीने घरात अपघात होतात. दुसरं, काडतूस फुटलं नाही तर रिव्हॉल्व्हरचा चाप परत ओढायचा, सिलिंडर फिरून पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकलेलं काडतूस काढावं लागतं. अंधारात, थरथरत्या हाताने, झोपेतून उठून, सराव नसलेल्या माणसाला ते जमत नाही. दुकानात दिवसाउजेडी शांतपणे करून दाखवतानाही अनेकांची बोटं अडकतात.

पिस्तुलाच्या बाजूनेही बोलायला हवं. ते चपटं असतं, गोळ्या एकदोन जास्त बसतात, आणि चाप हलका असतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे ओढला नसेल तर चाप चांगलाच जड जातो. त्यामुळे ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे त्यांना रिव्हॉल्व्हर जड वाटते. पण अशाच हातांना पिस्तुलाची स्लाइडही ओढवत नाही. म्हणून आम्ही काय करतो, रिकामं हत्यार हातात देतो आणि सांगतो, घोडा न ओढता सहा वेळा चाप ओढा. चौथ्या वेळी नळी खाली झुकायला लागली तर ती रिव्हॉल्व्हर तुमची नव्हे. मूठही बघा. चापावर बोटाचं पहिलं पेर बसलं पाहिजे. तळहात मुठीच्या खाली लोंबत असेल तर मूठ लहान पडते, आणि गोळी सुटताना हत्यार हातात फिरतं.

हलकं हत्यार सगळ्यांना आवडतं. खिशात घालून फिरायचं असेल तर ठीक. घरी ठेवायचं असेल तर शंभर-दोनशे ग्रॅम जास्त असलेलं बरं, कारण हलक्या हत्याराचा झटका जास्त बसतो. ज्याला झटक्याची भीती बसली तो दुसऱ्या गोळीला डोळे मिटतो.

भिंती

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडची घरं कशी असतात? पुढे ओसरी, मागे गोठा, एका बाजूला टिनाचा शेड, दुसऱ्या बाजूला भावाची वाटणी, मध्ये कुडाची नाहीतर एका विटेची भिंत. उन्हाळ्यात अर्धं गाव अंगणात खाटा टाकून झोपलेलं. .32 ची गोळी काही फार जोरदार नाही, पण टिनपत्रा, बांबूचा कूड, लाकडी कवाड तिला अडवत नाहीत. मातीची दोन हात जाडीची जुनी भिंत अडवते. नवी अर्ध्या विटेची भिंत अडवेल याची खात्री धरू नका.

म्हणून हत्यार घरी नेल्यावर पहिल्या दिवशी, रिकाम्या हाताने, एक काम करा. रात्री जिथे झोपता तिथे उभे राहा आणि चारही दिशांना बघा, भिंतीपलीकडे कोण झोपतं. एखादी दिशा अशी सापडेल जिकडे फक्त जाड भिंत किंवा मोकळं वावर आहे. बाकी दिशांना गोळी झाडायचीच नाही, हे त्या दिवशीच ठरवून टाका. छपरातून हवेत गोळी झाडून घाबरवण्याचा विचार तर सोडूनच द्या. वर गेलेली गोळी कोणाच्या अंगणात उतरेल हे सांगता येत नाही.

आणि बॅटरी. आमच्या दुकानात बॅटरी विकत नाही, तरी सांगतो : हत्याराआधी चांगली बॅटरी घ्या. रात्री दोनला कवाड वाजवणारा चोर असेल, तसाच पुण्याहून उशिरा आलेला पोरगाही असेल. चेहरा दिसल्याशिवाय चापावर बोट न्यायचं नाही.

डुकरं आणि रोही (नीलगाय)

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडचे ग्राहक हमखास विचारतात, रिव्हॉल्व्हर वावरात चालेल का? नाही. .32 च्या गोळीने रानडुक्कर पडत नाही, चवताळतं. जखमी डुकरासमोर उभं राहिलेल्याला कोणी तरी विचारा. वन्यजीव कायद्यात (1972, कलम 11) स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारलं गेलं तर गुन्हा नाही, पण ती मोकळीक जिवासाठी आहे, पिकासाठी नाही. तूर खाल्ली म्हणून रोही मारता येत नाही. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते आणि नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच.

एकट्या वस्तीवर राहणाऱ्याने आधी बारा बोअरच्या दुनळीचा विचार करावा. शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये किमान 20 इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला संरक्षणासाठी आणि ठासणीच्या बंदुकीला पीकराखणीसाठी वेगळी जागा दिलेली आहे. रिव्हॉल्व्हरपेक्षा तो रस्ता पुष्कळ सोपा. दुनळी दोन्ही हातांत आणि खांद्यावर बसते, त्यामुळे नेमही बरा लागतो. आमच्या दुकानाला रिव्हॉल्व्हर विकण्यात जास्त सुटतं, तरी हे लिहितो आहोत.

गोळी कधी झाडता येते

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये येतो. वकील आम्ही नाही, पण ग्राहकाला दोन गोष्टी नेहमी सांगतो. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क लागूच होत नाही, 112 आधी. रात्रीच्या घरफोडीत कायदा घरमालकाला बरीच सवलत देतो, पण चोर घरात आहे तोवरच. कंपाउंडवरून उडी मारून पळाला की संपलं. पळत्या माणसाच्या पाठीत गोळी लागली तर आरोपी तुम्ही.

वरातीत, पोळ्याला, निवडणूक जिंकल्यावर हवेत बार काढायची हौस असणाऱ्यांसाठी : 2019 पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ठेवायचं कुठे

तुरीच्या कोठीत नाही. हसू नका. एका नेहमीच्या ग्राहकाने दोन पावसाळे रिव्हॉल्व्हर डाळीच्या कोठीत दडवली होती. आमच्याकडे आणली तेव्हा घोड्याच्या फटीत तुरीची टरफलं, सिलिंडर गंजून घट्ट, आणि नळीत एका किड्याने मातीचं घर केलेलं. त्या नळीतून गोळी झाडली असती तर नळी फाटून हाताशी आली असती.

भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी तिजोरी घ्या. किल्ली तुमच्याजवळ, देव्हाऱ्यात नको, कॅलेंडरच्या खिळ्याला तर नकोच. चामड्याच्या कव्हरमध्ये घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं. सुती कापडाने पुसा, बंदुकीचं पातळ तेल दोन थेंब. खोबरेल लावू नका, ते थंडीत गोठतं आणि चाप जड होतो. आषाढापासून दिवाळीपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा पुसलं तरी पुरतं.

एक गोष्ट लिहायला जड जाते. पीक गेलेलं, कर्ज डोक्यावर, घरातलं कोणी गप्प गप्प झालेलं, दारू वाढलेली, असं असेल तर हत्यार घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा आमच्याकडे जमा करा. कारण विचारणार नाही, पावती देऊ, घडी बसली की परत घेऊन जा. बोलायला कोणी हवं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो.

दुकानात येताना

मूळ लायसन आणा, झेरॉक्सवर काडतूस देता येत नाही. लायसनवर जितकी काडतुसं लिहिली आहेत तितकीच मिळतील, ओळख कितीही जुनी असो. हत्यार दाखवायला आणाल तर घरीच रिकामं करून, काडतुसं वेगळ्या पिशवीत. नवं हत्यार घेतलं की लायसनवरच्या मुदतीत ते नोंदीसाठी दाखवून नंबर चढवून घ्या. आचारसंहितेत जमा करायचा आदेश आला तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी रांग एसटी स्टँडपर्यंत जाते आणि आमच्याकडे पावत्या लिहिणारा एकच आहे.