मासा तिरका पोहतोय? औषधाआधी पाणी तपासा

सकाळी टाकीचा दिवा लावला तेव्हा गोल्डफिश पोट वर करून पाण्यावर तरंगत होता. गेला, असंच वाटलं. जवळ जाऊन बघितलं तर कल्ले हलत होते. माझी चाहूल लागताच त्याने शेपटीचे दोन-तीन फटके मारले, कसाबसा सरळ होऊन खाली गेला आणि शेपूट थांबताच बुचासारखा पुन्हा वर आला, पुन्हा उलटा. पोटाचा नखाएवढा भाग पाण्याबाहेर राहून कोरडा पडला होता. तिथल्या खवल्यांची चमक गेली होती. मी औषधाची बाटली आणली, थेंब मोजून टाकले आणि वाट बघत बसलो. पाणी काही तपासलं नाही. पाचव्या दिवशी मासा गेला. ती चूक इतर कुणाकडून होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

मासा उलटा, तिरका किंवा डोकं खाली करून पोहू लागला की 'वाताशयाचा आजार' असं म्हणून लोक मोकळे होतात. पण हे लक्षण आहे, आजाराचं नाव नव्हे. ताप आला म्हणजे नेमकं काय झालंय ते कळत नाही, तसंच हे. आणि कारण कळायचं असेल तर आधी वाताशय काय करतो ते समजायला हवं.

माशाचं मांस आणि हाडं पाण्यापेक्षा जड असतात. नुसतं तेवढंच असतं तर हालचाल थांबताच मासा तळाशी गेला असता. बहुतेक हाडांच्या माशांच्या पोटात, पाठीच्या कण्याखाली, वायूने भरलेली एक पिशवी असते. तोच वाताशय. गोड्या पाण्यातल्या माशांत त्याने शरीराचा साधारण 7 टक्के भाग व्यापलेला असतो, समुद्रातल्या माशांत 5 टक्क्यांच्या आसपास. खारं पाणी जास्त घन असल्यामुळे तिथे कमी वायूत भागतं. एवढ्याशा वायूच्या जोरावर मासा मधोमध, परही फारसे न हलवता, शांत थांबू शकतो.

ही पिशवी भरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. गोल्डफिशच्या वाताशयापासून अन्ननलिकेपर्यंत एक बारीक नळी असते. मासा वर येऊन हवेचा घोट घेतो आणि नको असलेली हवा त्याच वाटेने सोडतो. एंजलफिशसारख्या माशांत ही नळी नसते. त्यांच्या वाताशयाच्या भिंतीत एक ग्रंथी आणि केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ग्रंथी रक्तात आम्ल सोडते, त्या आम्लामुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सुटते आणि तो ऑक्सिजन पिशवीत उतरतो. फुगा फुगवायला रक्तच वापरायचं! माशाच्या अंगातली ही करामत मला कितीही वेळा वाचली तरी नवीच वाटते.

इतकं नाजूक गणित बिघडायला फार काही लागत नाही. आतडं गच्च भरलं, अंडी अडकली, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी झाल्या किंवा कुठे अर्बुद (मांसाची गाठ) वाढलं की वाताशयावर दाब येतो. जंतुसंसर्ग झाला तर वायूच्या जागी द्रव साचतो आणि मासा तळाला बसतो. गोल चेंडूसारख्या गोल्डफिशना हा त्रास जास्त होतो. माणसाने दिसण्याच्या हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांचं शरीर आखूड केलं आणि आतले अवयव मात्र त्या अपुऱ्या जागेत दाटीवाटीने राहिले. मला हे मनापासून खटकतं.

प्रत्येक तिरका मासा वाताशयाचाच रुग्ण असतो असंही नाही. माशाचा तोल आतल्या कानातल्या खड्यांसारख्या कणांवर चालतो आणि प्रकाशावरही. उजेड वरून येतो हे माशाने गृहीत धरलेलं असतं, म्हणून तो पाठ उजेडाकडे ठेवतो. जर्मन शास्त्रज्ञ एरिक फॉन होल्स्ट यांनी प्रयोग करून दाखवलं होतं की बाजूने प्रकाश टाकला तर मासा गुरुत्वाकर्षण आणि उजेड यांच्यामध्ये कुठेतरी तडजोड करत कलतो. तेव्हा टाकी खिडकीशी असेल आणि मासा जरासाच कलत असेल, तर आधी पडदा ओढून वरचा दिवा लावून बघा. एका डोळ्याने अंध झालेला मासाही असाच कलू शकतो. गोल गोल गिरक्या घेणारा, आचके देणारा मासा मात्र वेगळा. तिथे मेंदू, मज्जातंतू किंवा विषबाधेचा संशय घ्यावा.

आणि विषबाधा म्हटली की सगळ्यात आधी अमोनिया. मासे तो कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतात, उरलेलं अन्नही कुजून त्यात भर घालतं. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट करतात. हे काम दोन टप्प्यांत वेगवेगळे जिवाणू करतात, हे सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास उलगडलं. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली खळखळून धुतला की जमलेली वस्तीही मरते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

पाणी स्वच्छ दिसतं यावर जाऊ नका, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. त्यासोबत पीएचही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे तेही बघावं. पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाच्या विषारी रूपाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. म्हणूनच बरेच महिने दुर्लक्षित राहिलेल्या, आम्लधर्मी झालेल्या टाकीचं पाणी घाबरून एकदम सगळं बदललं तर पीएच उसळतो आणि कालपर्यंत निरुपद्रवी असलेला अमोनिया आज जीव घेतो. नायट्राइटची तऱ्हा निराळी. त्याने रक्त तपकिरी होतं, ऑक्सिजन वाहेनासं होतं आणि भरपूर बुडबुड्यांच्या टाकीतही मासा धापा टाकतो.

आकडे वाईट आले तर पाव ते तृतीयांश पाणी बदलायचं, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. आकडे सुधारेपर्यंत हे रोज. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असलेलं पाणी रात्रभर उघडं ठेवून निवळत नाही, त्याला डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन काढणारं द्रावणच लागतं. नायट्राइट असेल तर साधं मीठ कामी येतं, कारण क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. लिटरला 1 ग्रॅम, आधी विरघळवून, हळूहळू. टाकीत कॅटफिश किंवा वनस्पती असतील तर तेही जपून.

पाणी ठीक निघालं तर दोन-तीन दिवस खाणं बंद ठेवा. धडधाकट मोठ्या माशाला एवढ्या उपासाने काही होत नाही. त्यानंतर गोल्डफिशला उकडून साल काढलेला एखादा वाटाणा चुरून देतात. बद्धकोष्ठ असेल तर त्याचा उपयोग होतो, संसर्ग किंवा गाठ असेल तर होत नाही. फायटर (बेटा) मासा मांसाहारी असतो, त्याला वाटाण्याच्या वाटेला लावू नका. पाण्याची पातळी कमी करा, म्हणजे वर-खाली करण्याची दमछाक वाचते. प्रवाह मंद ठेवा. पोट पाण्याबाहेर राहत असेल तर तिथली त्वचा सुकून जखम होते, त्याकडे रोज लक्ष द्या. निदानाशिवाय अँटिबायोटिक ओतू नका. त्याने फिल्टरमधले जिवाणू मेले की अमोनिया पुन्हा हजर. माशांची माहिती असलेला पशुवैद्य मिळाला तर एक्स-रे काढून घ्यावा. वायू त्यात काळा, स्पष्ट दिसतो आणि किती आहे, कुठे सरकलाय, तिथे द्रव भरलाय का, हे कळतं. हाताला जखम असताना आजारी माशाच्या टाकीत हात घालू नये. माशांतला मायकोबॅक्टेरियम जातीचा एक जिवाणू माणसाच्या त्वचेतही शिरतो.

माझ्या आत्ताच्या टाकीत एक गोलमटोल गोल्डफिश आहे. कोरडं, तरंगणारं खाणं खाल्लं की तो तासभर शेपटी वर करून राहायचा. वर येऊन खाताना हवाही गिळली जात असणार. तळाला बुडणारं खाणं भिजवून देऊ लागल्यापासून मी घड्याळ लावून नोंद ठेवतोय: पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटं, काल दहा.