इग्बो नावं म्हणजे नुसते आवाज?

"आफ्रिकन नावांना अर्थच नसतो, कानाला बरं वाटलं की ठेवतात" असं बरेचदा फॉरवर्ड होतं. तसं नाहीये. नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांची नावं बघा, कित्येक नावं म्हणजे अख्खं वाक्यच असतं. चिनेदू म्हणजे देव वाट दाखवतो, न्नेका म्हणजे आई श्रेष्ठ, किती सुंदर ना! खात्री करायची तर नाव फोडून बघा, न्ने म्हणजे आई आणि का म्हणजे श्रेष्ठ, आता हाच 'का' न्किरुकामध्येही सापडतो, अर्थ 'पुढे आहे ते अजून मोठं'. नुसता आवाज असता तर तुकडा त्याच अर्थाने परत आला नसता. शिवाय त्यांचा पारंपरिक आठवडा ४ बाजारदिवसांचा, एके, ओरिए, आफो, न्कवो, त्यावरून ओकेके, ओकोरिए, ओकाफोर, ओकोन्क्वो ही मुलग्यांची नावं, आपल्याकडे बुधवारी जन्मला तो बुध्या, तसंच.