कामाच्या जागेवरची सुरक्षा : मालक आणि कामगार यांच्या जबाबदाऱ्या (गोवा)

कामाला गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी यावा, आणि वीस वर्षं तेच काम करून त्याची फुप्फुसं, कान, कंबर निकामी होऊ नये, यासाठी मालकाने काय करायचं आणि कामगाराने काय करायचं याची जी वाटणी कायद्याने आणि अनुभवाने ठरली आहे ती म्हणजे कामाच्या जागेवरची सुरक्षा आणि आरोग्य. बोलताना सगळे नुसतं 'सेफ्टी' म्हणतात. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, थिवी, कुंकळ्ळी अशा इंडस्ट्रियल इस्टेटींत गेटवरच त्याचा बोर्ड दिसतो, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथही होते. पण माडावर चढणारा पाडेली, काजूबिया फोडणाऱ्या बायका, हॉटेलच्या किचनमधला पोरगा, सेप्टिक टँक उपसणारा माणूस, यांच्या कामाच्या जागेला गेटही नसतं आणि बोर्डही नसतो, म्हणून त्यांना कुणी सेफ्टीत धरत नाही, आणि ते चुकीचं आहे.

कायदा काय म्हणतो

बरीच वर्षं सगळा आधार १९४८ च्या कारखाने अधिनियमाचा होता. १९८४ ला भोपाळ झालं आणि त्यानंतर १९८७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याने कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण सांभाळायचं हे कर्तव्य तेव्हा स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं, आणि आपण काय हाताळतोय ते जाणून घेण्याचा कामगाराचा हक्कही आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या संहिता, लागू झाले, त्यातल्या २०२० च्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थिती या कोडने असे १३ कायदे एकत्र केले. गोव्यात कारखान्यांवर लक्ष ठेवायचं काम पणजीला आल्तिनोवरच्या कारखाने व बाष्पक (बॉयलर) निरीक्षणालयाचं, खाणींचं मात्र केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं.

नव्या कोडमध्ये एक गोष्ट मला खटकते. वीज वापरणारा कारखाना म्हणजे किमान १० कामगार असं होतं ते आता २० झालं. आपल्याकडे बारा-पंधरा माणसांचे फॅब्रिकेशनचे आणि फर्निचरचे शेड कितीतरी आहेत, त्यामुळे हा फरक लहान नाही. अर्थात १० किंवा जास्त माणसं असलेल्या कुठल्याही आस्थापनेला कोड लागतोच, म्हणजे मालकाची मूळ कर्तव्यं सुटत नाहीत, कोणी सुटली म्हणून सांगितलं तर मानू नका.

मालकाचा वाटा

पहिलं काम धोका मुळातच काढायचं, ते जमत नसेल तर तो माणसापासून वेगळा करायचा, आणि हेल्मेट, ग्लोव्हज, मास्क हे सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात उलट होतं, आधी हेल्मेट वाटतात आणि तिथेच थांबतात. सेफ्टीसाठी जे काही द्यायचं, त्यात मेडिकल तपासणीसुद्धा आली, त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, पगारातून बुटांचे पैसे कापणं हे बेकायदेशीर आहे. आणि माणूस कॉन्ट्रॅक्टरचा असला तरी जागा ज्याची त्याची जबाबदारी सुटत नाही.

गोव्यातलं एक उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. मे महिना सरत आला की प्रत्येक शेडचं गळकं छप्पर आठवतं. सुपरवायझर कुठल्यातरी ओळखीच्या माणसाला बोलावतो, आणि तो शिडी लावून सिमेंटच्या पत्र्यावर चढतो, पायात स्लिपर, हातात डांबराचा डबा. हा पत्रा खालून मजबूत वाटतो पण वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन ठिसूळ झालेला असतो, वर शेवाळ, आणि माणसाचं वजन तो पेलत नाही. खिळ्यांच्या रांगेवरून चाल म्हणतात, म्हणजे खाली लोखंडी आडवी पट्टी आहे तिथून, पण एक पाऊल इकडचं तिकडे झालं की पत्रा कडकन फुटतो आणि माणूस वीस फूट खाली मशीनवर. यात मालकाने करायचं ते अगदी साधं आहे: जमलं तर खालूनच काम, नाहीतर पत्र्यावर पसरायच्या फळ्या, खाली जाळी, आधी बांधलेल्या दोराला हार्नेस (अंगात घालायचा पट्टा), आणि चढायच्या आधी सहीचं परमिट. दोन तासांची तयारी आहे, आणि 'अर्ध्या तासाचं तर काम' म्हणून तीच टाळली जाते.

बांधकामावर तर हे रोजचंच. ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडीला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसच्या आसपास कामगार गेले. तिथे हेल्मेट घातलेलं असतं तरी काय फरक पडला असता? बिल्डिंग उभी राहील का नाही हे बघणं गवंड्याच्या हातात नसतं.

कामगाराचा वाटा

कामगारालाही कर्तव्यं आहेत. दिलेली साधनं वापरायची, गार्ड किंवा सेफ्टी स्विच मुद्दाम बिघडवायचा नाही, दुसऱ्याला धोका होईल असं वागायचं नाही, असुरक्षित काही दिसलं तर लगेच कळवायचं, अपघात लपवायचा नाही. मोडलं तर दंड १०,००० रुपयांपर्यंत. मालकाच्या चुकीने मृत्यू झाला तर मात्र दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी ५ लाख दंड किंवा दोन्ही. ही तफावत बरोबरच आहे, कारण मशीन बंद ठेवायची ताकद ज्याच्याकडे जास्त त्याचा वाटाही जास्त.

पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. त्यातलं एक बटण आगपेटीची काडी खुपसून किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं अनेकांनी बघितलं असेल. ऑपरेटर चुकला हे खरंच, पण त्याला तासाला किती नग काढायचे ते कोणी ठरवलं हेही विचारायला हवं. काजूत तेच, टरफलाचं तेल कातडी जाळतं, पण मजुरी किलोवर असली की ग्लोव्हज घालून हात मंदावतो, म्हणून बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात.

जीव जाईल असा धोका दिसला तर मालकाला सांगायचा आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवायचा हक्क कोडमध्ये आहे. मालकाने लगेच उपाय करायचा, धोका आहे हे त्याला पटत नसेल तर निरीक्षक सांगेल ते शेवटचं. ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेल्या, रूमपासून जेवणापर्यंत कॉन्ट्रॅक्टरवर अवलंबून असलेल्या पोराने हा हक्क वापरावा अशी अपेक्षा करायची तर निदान बोर्ड आणि ट्रेनिंग त्याला कळेल त्या भाषेत तरी असावं.

टँक, किचन, खाण

टँकमध्ये सगळ्यात घातक तो हायड्रोजन सल्फाइड वायू. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा साफ झाली. आत उतरलेला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून बाहेरच्याने आत उडी घ्यायचीच नाही, मदत बोलवायची. २०१३ च्या कायद्याने सेफ्टीच्या साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली.

हॉटेल आणि क्लब आपण मौजेची जागा समजतो, पण तिथेही कुणीतरी ड्युटीवर असतो. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याला नाइटक्लबला आग लागली, २५ जण गेले, त्यातले बहुतेक तिथले कर्मचारी. दुसरी वाट मोकळी आहे का, किचन तळघरात असेल तर धूर भरल्यावर बाहेर कसं पडायचं, हे भांडी घासणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी चालवून दाखवायला हवं.

खाणींत, डिचोली-सत्तरी-सांगेच्या पट्ट्यात, मुख्य त्रास धूळ आणि टिपर, म्हणजे माल वाहणारे ट्रक. धूळ पाण्याने दाबायची असते, आणि तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे, बारीक कण त्यातून सरळ आत जातात.

अपघात झाल्यावर

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं, मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, गोव्यात मडगावला त्यांचं हॉस्पिटल आहे. कामावर इजा होऊन घरी बसावं लागलं तर पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात. पण त्यासाठी अपघाताची नोंद हवी. 'घरात पडलो म्हणून सांग, औषधाचे पैसे आम्ही देतो' असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नये, दोन महिन्यांनी बोट वळत नाही असं लक्षात आलं की हातात कागद नसतो. त्याच दिवशी अपघाताच्या वहीत नाव, वेळ, मशीन, साक्षीदार लिहून घ्यायचं आणि फोटो काढून ठेवायचा. घर ते कंपनी या वाटेवरचा अपघातही २०१० पासून यात धरतात, म्हणजे नाइट शिफ्ट सुटून पावसात स्कूटरवरून घरी येताना कोणी पडला तर त्याचीही नोंद करायचीच.