दुआनवू

दुआनवू : चिनी पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला येणारा सण. चिनी पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर असून त्यातही अधिक महिना असतो. त्यामुळे ही तिथी बहुतेक वर्षी ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास पडते. इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे मेअखेर ते जूनअखेर केव्हाही. चीनबाहेर हा सण होड्यांच्या शर्यतीमुळे ‘ड्रॅगन बोट उत्सव’ म्हणून ओळखला जातो. ‘दुआन’ म्हणजे आरंभ आणि ‘वू’ ही कालगणनेतील बारा शाखांपैकी सातवी, घोड्याची शाखा. पाचवा महिना याच शाखेचा. पूर्वी महिन्यातला पहिला ‘वू’ दिवस पाळत. पाच या आकड्याचा उच्चारही ‘वू’च असल्याने पुढे पाचवी तिथी कायम झाली.

सण कशासाठी, असे चीनमध्ये विचारले तर बहुतेकांकडून उत्तर एकच मिळते : कवी छ्यू युआनसाठी. हा प्राचीन चीनमधील चू राज्याचा मंत्री (सुमारे इ. स. पू. ३४०–२७८). पश्चिमेकडचे छिन राज्य बलाढ्य होत होते आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका, असे छ्यू युआन आपल्या राजाला परोपरीने सांगत होता. दरबाऱ्यांनी राजाचे कान भरले. राजा छिनच्या बोलावण्यावर गेला, तिथेच अडकला आणि कैदेत वारला. पुढच्या राजाने छ्यू युआनला दक्षिणेकडे हद्दपार केले. इ. स. पू. २७८ मध्ये छिनचा सेनापती बाय छी याने चूची राजधानी यिंग जिंकली. छ्यू युआनने छातीशी दगड धरून मिलुओ नदीत (आजच्या हूनान प्रांतात) उडी घेतली. लोककथा पुढे सांगते की काठावरचे लोक नावा घेऊन त्याला शोधायला धावले, हाती लागला नाही तेव्हा माशांनी देहाला तोंड लावू नये म्हणून पाण्यात भात टाकला. धावलेल्या नावांची झाली शर्यत, टाकलेल्या भाताचा झाला झोंगझ, म्हणजे पानात बांधून उकडलेला चिकट भात.

कथा हृदयाला भिडणारी आहे. मात्र इतिहासकार सिमा छिएनने छ्यू युआनचे जे चरित्र लिहिले, त्यात नदी आहे, दगड आहे, तिथीचा मात्र उल्लेख नाही. पाचव्या महिन्याच्या पंचमीचे विधी त्या कथेआधीपासून चालत असावेत आणि एका लाडक्या कवीचा मृत्यू नंतर त्यांत गुंफला गेला असावा, असेच मानावे लागते. सहाव्या शतकात त्सोंग लिनने चू प्रदेशातील वर्षभराच्या चालीरीती नोंदवल्या, तोवर शर्यत आणि छ्यू युआन यांची सांगड पक्की झाली होती.

शिवाय या तिथीवर हक्क सांगणारा तो एकटा नाही. सूचौ परिसरात हा दिवस वू राज्याचा मंत्री वू त्झुश्यू याचा. त्यानेही राजाला शत्रूपासून सावध केले, त्यालाही राजाने मरायला लावले (इ. स. पू. ४८४) आणि देह कातडी पिशवीत घालून नदीत टाकला, लोकांनी त्याला लाटांचा देव केले. त्याच देवाच्या स्वागताचा विधी करताना इ. स. १४३ मध्ये आजच्या जज्यांग प्रांतात एक पुजारी बुडाला. त्याची चौदा वर्षांची मुलगी त्साओ अ सतरा दिवस काठाकाठाने रडत हिंडली आणि शेवटी तिने स्वतःला नदीत झोकून दिले. त्या नदीला आज तिचेच नाव आहे. माणसे वेगळी, शतके वेगळी, पण प्रत्येक कथेत पाणी आहे आणि त्यात हरवलेला माणूस आहे. विसाव्या शतकातील कवी व अभ्यासक वन यीदुओ (१८९९–१९४६) याने तर हा मुळात आग्नेय चीनमधील प्राचीन वू-युए लोकांचा, ड्रॅगनला कुलदैवत मानणाऱ्यांचा सण असल्याचे मांडले.

सणाचा खरा पाया त्याच्याही खाली आहे. पाचवा महिना हा ‘वाईट महिना’. ऊन चढते, हवा दमट होते, साथी पसरतात, विंचूसाप बाहेर पडतात. या दिवशी जन्मलेले मूल दाराच्या चौकटीएवढे उंच झाले की आईबापांच्या मुळावर येते, अशी समजूत होती. छी राज्यातल्या एका सरदाराला याच तिथीला मुलगा झाला, तेव्हा त्याने मूल टाकून द्यायला सांगितले. आईने ते गुपचूप वाढवले. मोठा झाल्यावर मुलाने बापाला विचारले, “माणसाचे नशीब आकाशाकडून येते की दाराकडून? दाराकडून येत असेल तर दार उंच करा, मग कोण पोचेल तिथवर?” हा मुलगा पुढे मंगछांगचा स्वामी म्हणून प्रसिद्धीस आला. चिनी इतिहासग्रंथांतली ही माझी सर्वांत आवडती मुले-बापांची गोष्ट आहे.

भीती खरी होती, म्हणून उपायही घरोघरी होते आणि त्यांतले काही मराठी घराला परके नाहीत. दाराला दवण्याच्या कुळातल्या एका सुगंधी वनस्पतीची जुडी टांगतात. तिच्या जोडीला वेखंडाची लांब, टोकदार पाने. ती तलवारीसारखी दिसतात, म्हणून भुतेखेते कापतात असे मानतात. आपल्याकडे बाळगुटीत उगाळले जाणारे वेखंड ते हेच. मुलांच्या मनगटाला पाच रंगांचा दोरा बांधतात : हिरवा, तांबडा, पिवळा, पांढरा, काळा. रोगराई व शस्त्रांपासून वाचवणाऱ्या या दोऱ्याचा उल्लेख दुसऱ्या शतकातच सापडतो. साप, विंचू, गोम, बेडूक आणि पाल (काही ठिकाणी कोळी) हे ‘पाच विषारी जीव’ मुलांच्या कपड्यांवर भरतात, म्हणजे विषाने विष पळते.

मनशीळ घातलेली दारूही याच दिवसाची. केशरी रंगाच्या या खनिजात आर्सेनिक असते, त्यामुळे ती पिणे घातक आहे. मुलांना ती पाजत नाहीत, तिचे बोट कपाळावर फिरवून ‘राजा’ हे अक्षर काढतात, जे वाघाच्या कपाळावरही दिसते. श्वेतनागिणीची लोककथा या दारूवरच वळण घेते. हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी श्यू शिएनची बायको बाय सूचन ही मूळची नागीण. दुआनवूच्या दिवशी नवऱ्याच्या आग्रहाखातर ती घोट घेते आणि अंथरुणावर तिचे खरे रूप उघडे पडते. तिला ज्याच्याखाली कोंडल्याचे सांगतात तो लेइफंग मनोरा १९२४ मध्ये कोसळला. तो पुढे पुन्हा उभारला आहे.

झोंगझ करताना दोन लांब पाने, बांबूची किंवा बोरूची, भिजवून एकावर एक ठेवतात, सुरळीसारखा कोन वळतात, त्यात भिजवलेला चिकट तांदूळ भरतात, पान उलटून तोंड बंद करतात आणि दोऱ्याने करकचून आवळतात. मग तासन् तास उकडतात. पान सोडले की हळदीच्या पानातल्या पातोळीसारखाच पानाचा वास भातात उतरलेला असतो. उत्तरेत आत गोड चिनी बोर, दक्षिणेत डुकराचे मांस किंवा खारवलेल्या अंड्याचा बलक. खरा कोणता यावर दोन्हीकडचे हिरिरीने भांडतात. हा पदार्थ तिसऱ्या शतकाच्या सुमारास नोंदला गेला तेव्हा तो फक्त ऋतूचा पदार्थ होता, कवीचे नाव त्यात नव्हते. ते नंतरच्या एका कथेत येते. छांगशाच्या एका माणसाला छ्यू युआन भेटतो आणि म्हणतो, तुम्ही दरवर्षी देता तो भात जलड्रॅगन पळवतो. वर बकाणलिंबाची पाने लावा, रंगीत रेशीम गुंडाळा, त्यांना तो भितो. रोगाला भिववणारा दोरा असा भाताच्या पुडीवर आला.

शर्यतीची नाव लांब व अरुंद असते, पुढे ड्रॅगनचे मस्तक, मागे शेपटी. पाण्यात सोडण्यापूर्वी मस्तकाच्या डोळ्यांत रंगाचे ठिपके देतात, तेव्हा ड्रॅगन जागा होतो. आजच्या स्पर्धांत बहुधा वीस वल्हेकरी, एक ढोलकरी, एक सुकाणूधारी असतो. २०१० च्या ग्वांगचौ आशियाई स्पर्धांत हा खेळ समाविष्ट झाला.

कोरियातील गांगनुंग येथील याच तिथीच्या दानो उत्सवाला २००५ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली, तेव्हा ‘आमचा सण गेला’ म्हणून चीनमध्ये बराच गहजब झाला. २००८ पासून चीनमध्ये या दिवशी सार्वजनिक सुटी आहे आणि २००९ मध्ये दुआनवू युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. दानो मात्र वेगळा सण आहे : त्यात झोके, कुस्त्या आणि डोंगरदेवतेची पूजा असते आणि बायका वेखंडाच्या पाण्याने केस धुतात. जपानमध्ये हा दिवस इंग्रजी ५ मे ला सरकला आणि १९४८ मध्ये बालदिन ठरला. त्या संध्याकाळी तिथे गरम पाण्यात वेखंडाची पाने सोडून स्नान करतात.