रुपया-डॉलर विनिमय दराचा इतिहास

एक अमेरिकन डॉलर घ्यायला किती रुपये मोजावे लागतात तो आकडा म्हणजे रुपया-डॉलर दर. आज तो दिवसभर खालीवर होत असतो आणि कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्यापासून गुजरीतल्या सराफापर्यंत सगळ्यांचं त्याच्यावर लक्ष असतं, पण स्वातंत्र्यानंतरची चाळीसेक वर्षं हा दर बाजार नाही तर सरकार आणि रिझर्व्ह बँक ठरवत होती, आणि त्यातली बरीच वर्षं रुपया डॉलरला नाही तर पौंडाला बांधलेला होता. जुने आकडे वाचताना हे डोक्यात नसलं की घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे दर १५ ऑगस्टला मोबाईलवर फिरणारा मेसेज, की १९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. साफ खोटं आहे, आणि खोटं आहे हे घरबसल्या हिशोब करून कळतं. १९२७ च्या कायद्यानं रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स ठरली होती, म्हणजे १८ पेन्स. पौंडात २४० पेन्स, म्हणून एक पौंड १३ रुपये ५ आणे ४ पै, आताच्या भाषेत १३.३३ रुपये. त्या वेळी एका पौंडाला ४.०३ डॉलर मिळायचे, भागाकार केला की डॉलर पडतो ३ रुपये ३० पैशांच्या आसपास. कोल्हापूर तेव्हा अजून संस्थान होतं पण व्यवहार ब्रिटिश रुपयातच, त्यामुळे इथंही हाच हिशोब. (त्या १८ पेन्सवरनंही आधी लई वाद झालेले, रुपया १६ पेन्सचाच ठेवा, महाग रुपयानं आपला माल परदेशात महाग होतो असं पुरुषोत्तमदास ठाकुरदास वगैरे मुंबईचे व्यापारी म्हणत होते. एक्स्पोर्टवाले आजही तेच म्हणतात.)

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटननं पौंड ४.०३ वरनं २.८० डॉलरवर आणला. रुपयाही मागोमाग गेला, पौंडाचा भाव १३.३३ रुपये तसाच राहिला पण डॉलर ४.७६ झाला. मग १९६६ पर्यंत हाच दर, सोळा-सतरा वर्षं एक पैसा हालचाल नाही, आज ऐकायला विचित्र वाटतं.

६ जून १९६६ ला, तारीख शिवराज्याभिषेकाचीच, इंदिरा गांधींच्या सरकारनं डॉलर ४.७६ वरनं थेट ७.५० केला, अर्थमंत्री होते सचिंद्र चौधरी. १९६५ चं युद्ध, दुष्काळ, परकीय चलनाचा खडखडाट आणि मदत देणाऱ्यांचा दबाव अशी सगळी कारणं एकत्र आली होती. या घटनेसाठी कुठं ३६.५ टक्के वाचायला मिळतं तर कुठं ५७.५ टक्के, दोन्ही बरोबर आहेत: रुपयाची किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली, आणि त्याच झटक्यात डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. पौंड २१ रुपयांवर गेला, पण पुढच्याच वर्षी ब्रिटननं पौंड परत उतरवला तेव्हा आपण मागं गेलो नाही, म्हणून तो १८ वर आला. १९७५ मध्ये पौंडाची दावण सुटली आणि रुपया अनेक चलनांच्या बास्केटला जोडला गेला.

१९९१ ची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन, सोनं बाहेर गहाण, आणि १ व ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया उतरवला, डॉलर २१ वरनं २६ च्या जवळ. पहिल्या टप्प्यानंतर ओरड झाली म्हणून दुसरा थांबवा असं पंतप्रधान नरसिंह रावांच्या मनात आलं, मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर नवा दर जाहीर होऊन गेला होता. १९९२ मध्ये काही काळ दोन दर चालले, एक सरकारी एक बाजाराचा, आणि मार्च १९९३ पासून एकच बाजारभाव, तेव्हा डॉलर ३१ च्या वर होता. पुढचे टप्पे पटापट: ऑगस्ट २०१३ मध्ये ६८ पार, ऑक्टोबर २०२२ मध्ये ८३, डिसेंबर २०२४ मध्ये ८५.

कोल्हापुरात याचा परिणाम एकसारखा होत नाही. कास्टिंग बाहेर पाठवणाऱ्याचं १०,००० डॉलरचं बिल असेल आणि दर ८३ चा ८५ झाला तर हातात २०,००० रुपये जास्त येतात, पण पैसे यायला दोन-तीन महिने लागतात म्हणून काही जण बँकेशी फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा करार करून दर आधीच बांधून घेतात, मग डॉलर वाढला तरी वरचा फायदा नाही. आणि ज्याच्या भट्टीला बाहेरचा कोक किंवा स्क्रॅप लागतो त्याचा खर्चही सोबत वाढतो. गुजरीत तर सोन्याचा भाव सरळ याच आकड्यावर चालतो, कारण जगात सोनं औंसाला डॉलरमध्ये विकलं जातं (एक औंस ३१.१ ग्रॅम), त्याचे रुपये करायचे आणि वर कस्टम ड्युटी धरायची, म्हणून बाहेर सोनं स्थिर असलं तरी इथला भाव चढू शकतो.

जुन्या तारखेचा दर शोधायचा असेल तर रेफरन्स रेट, म्हणजे रोज जाहीर होणारा संदर्भ दर बघावा, तो आधी रिझर्व्ह बँक काढायची, जुलै २०१८ पासून एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही कंपनी) काढते. बँकेच्या काउंटरवरचा दर त्याच्याशी जुळत नाही, घ्यायचा वेगळा, द्यायचा वेगळा, मधला फरक बँकेचा.