पाण्याची लय आणि गुडघ्याचा फोटो

येळ्ळूरच्या तालमीत कुस्ती खेळणाऱ्या माझ्या भाच्याचा गुडघा मुरगळला. एक्स-रे साफ आला. "मग एमआरआय कशाला? उगाच जास्तीचे किरण!" असं घरात सगळ्यांचं मत पडलं. पण एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच, चुंबक आणि रेडिओलहरी असतात. एक्स-रेत हाड दिसतं, सांध्यातली गादी आणि हाडांना जोडणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट, दिसत नाहीत, म्हणून तर एमआरआय करायचा.

या यंत्राला दिसतो तो मुख्यतः पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबकात त्याची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा गिरक्या घेतात. त्याच वारंवारितेची रेडिओलहर सोडली की सगळी एका लयीत येतात. लहर थांबली की लय तुटू लागते, आणि ती किती लवकर तुटते यावरून कोणता भाग कोणता ते ओळखता येतं.

बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतलं लेझीम पथक आठवा. मोकळ्या चौकात ठेका टिकतो, चिंचोळ्या बोळात एकाच बाजूने धक्के बसले की बिघडतो. सांध्यातल्या वंगणात पाण्याचे रेणू मोकळे भिरभिरतात. शेजाऱ्यांचे चुंबकीय धक्के सगळ्या दिशांनी येऊन एकमेकांना मारून टाकतात, म्हणून लय शेकडो मिलिसेकंद टिकते. गादीत, म्हणजे मेनिस्कसमध्ये, पाणी कोलॅजन या प्रथिनाच्या घट्ट तंतूंत अडकलेलं असतं. तिथे ती दहाएक मिलिसेकंदांत संपते. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, या दोघांच्या मधली. लहर थांबल्यावर यंत्राने ऐंशी मिलिसेकंदांनी कान दिला, तर वंगण पांढरं, कूर्चा करडी आणि गादी काळी दिसते.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. तंतू चुंबकाच्या दिशेशी सुमारे ५५ अंशांत आले, की हे धक्के गणिताने शून्य होतात. मग निरोगी लिगामेंटही पांढुरका दिसतो, फाटल्यासारखा. लवकर कान देऊन घेतलेल्या प्रतिमेत पांढरं आणि उशिराच्या प्रतिमेत काळं, असं असेल तर तो कोनाचा खेळ.

आठवडी बाजारात गुडघ्याला बांधायच्या चुंबकाच्या पट्ट्या विकतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीत, या यंत्रात, अर्धा तास झोपूनही दुखणं हटत नाही. पट्टीवर पैसे घालवू नका.

भाच्याची फिल्म मी खिडकीशी धरून पाहिली. मागचा लिगामेंट धनुष्यासारखा वाकतो, तिथे पांढुरका ठिपका होता. उशिराच्या प्रतिमेत तो नव्हता. गादीच्या काळ्या त्रिकोणातली पांढरी रेघ मात्र दोन्हींत होती आणि थेट कडेपर्यंत पोचली होती. म्हणजे हा कोनाचा खेळ नव्हता, गादीच फाटली होती.