खाऱ्या कॉडची प्रतवारी: पारख्याची बोटे काय मोजत होती?

कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबाची हंगामभराची मेहनत अखेर एका माणसाच्या हाताखालून जात असे. व्यापाऱ्याच्या धक्क्यावर फळीपाशी उभा असलेला पारखी खारवून वाळवलेला एकेक कॉड मासा उचले, उलटसुलट करून पाही आणि प्रतीप्रमाणे ढिगांत टाकी. उत्तम ती ‘मर्चंटेबल’, मधली ‘मदेरा’ आणि हलकी ‘वेस्ट इंडिया’. ही हलकी प्रत कॅरिबियन बेटांवर ऊसमळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या ताटात जाई, आणि ते नावातच उरले आहे.

कॉडची चरबी मुख्यतः यकृतात साठते आणि मांसात ती एक टक्क्याहूनही कमी असते, म्हणून हा मासा खवट न होता वाळतो. मात्र फांद्या अंथरलेल्या मांडवावर त्याला कडक ऊन लागले, तर मांसाच्या पाकळ्या जोडून ठेवणारे कोलॅजेन विरघळू लागते आणि मासा बोटांखाली फुटतो. त्यामुळे ऊन तापताच तो पालथा घालावा लागे, आणि किनाऱ्यावरचे हे काम बहुतांशी बायका-मुलेच करीत. हवा दमट राहिली, तर माशाचे अंग बुळबुळीत होई.

रंगाची पारख तर थेट सूक्ष्मजीवशास्त्राची आहे. भरपूर मिठामुळे माशातील जलक्रियता, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येणाऱ्या पाण्याचे माप, ०.७५ च्या आसपास उतरते आणि बहुतेक जीवाणू निष्प्रभ होतात. परंतु मीठप्रेमी सूक्ष्मजीव समुद्री मिठातूनच माशावर येतात आणि उबदार हवेत त्याला गुलाबी करतात. मिठागरातल्या दाट खाऱ्या पाण्याला येणारी लाली अशाच जीवांची असते. तपकिरी ठिपके दिसले, तर ती मीठ सोसणाऱ्या बुरशीची खूण होय.

पारख्याच्या बोटांवर माझा विश्वास आहे. दोष त्याच्या जागेत होता. तो व्यापाऱ्याच्या आवारात प्रत ठरवी आणि त्याच व्यापाऱ्याकडून मच्छीमाराने वर्षाचा शिधा उधारीवर घेतलेला असे. विल्यम कोकर यांनी १९०८ मध्ये स्थापन केलेल्या मच्छीमार संघटनेने प्रतवारी सरकारी देखरेखीखाली आणण्याची मागणी केली, ती याचसाठी. दुसरीकडे ‘ताल क्वाल’ म्हणजे सरसकट एका भावाने खरेदीही चाले, आणि तीत अधिक नुकसान होते असे मला वाटते: गुलाबी मासा आणि निर्मळ मासा एकाच दराने जाणार असतील, तर ढग येताच मांडवाकडे धावणाऱ्या बाईच्या कष्टाचे वेगळे मोल कोणी देतच नव्हते.